बंद म्हणजे खरेच बंद?

मुलांनो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर एक गंमत करा. घरातले सगळे दिवे मालवा. मालवणे म्हणजे विझवणे. मग बाहेरच्या खोलीच्या दारात उभे राहा आणि अंधाराकडे नीट पाहा. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की एकेक ठिपका दिसू लागेल. टीव्हीच्या खालच्या कडेला एक लाल ठिपका. म्युझिक सिस्टीमवर दुसरा. सेट-टॉप बॉक्सवर तिसरा, किंवा घड्याळाचे हिरवे आकडे. घरातली सगळी माणसे झोपायला निघाली आहेत. पण हे ठिपके जागेच आहेत. ते कशासाठी जागे आहेत? आणि त्यांच्या जागरणाचा खर्च कोण देतो?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी सातवीत होते. आमचे घर बोळिंजला आहे. विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आगाशीच्या रस्त्याने निघाले की बोळिंज लागते. आज तेथे म्हाडाच्या उंच इमारती दिसतात. माझ्या लहानपणी घरे ठेंगणी होती आणि केळीच्या वाड्या घराला लागून होत्या. माझे धाकटे चाचा कुवेतला नोकरी करत. एका सुट्टीत ते येताना मोठी म्युझिक सिस्टीम घेऊन आले. दोन उंच स्पीकर, तीन सीडी मावतील असे खण, कॅसेटसाठी दोन कप्पे आणि एक रिमोट! मोहल्ल्यातली मुले ती पाहायला येत. अम्मीने तिच्यासाठी क्रोशाचे झाकण विणले होते.

एका पावसाळ्यात तिच्या सीडीचा खण अडकला. आत मुंग्या गेल्या असाव्यात असे मला वाटले. दुपारी घरात मोठे कोणी नव्हते. मी रिमोटचे बटण दाबले. पडद्यावरचे आकडे गेले, लाल दिवा लागला. झाली बंद! मग मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, सिस्टीम भिंतीपासून पुढे ओढली आणि मागचे स्क्रू काढू लागले. चार स्क्रू निघाले होते. पाचव्याला हात घातला, तोच अब्बा दारात उभे! ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ भिंतीकडे गेले, आधी बटण बंद केले, मग प्लग उपसून काढला. लाल दिवा क्षणभर मंद झाला आणि विझला.

मग त्यांनी विचारले, "बंद कोणी केली होती?"

"मीच. रिमोटने," मी म्हणाले.

"मग तो लाल दिवा कशावर जळत होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळी शेजारचे वायरमन चाचा आले. त्यांनी प्लग परत लावला, रिमोटने सिस्टीम "बंद" केली, झाकण सावकाश बाजूला केले आणि टेस्टरचे टोक आत, वायर जेथे जोडली होती तेथे टेकवले. टेस्टरमधला छोटा दिवा लख्ख लागला. "पाहिलेस? येथपर्यंत पूर्ण दोनशे तीस व्होल्ट आले आहेत. तुझे बोट येथे लागले असते तर?" एवढेच ते म्हणाले. हे काम त्यांचे होते, त्यांना सवय होती. तुम्ही ते करायचे नाही, हे येथेच सांगून ठेवते.

आता जरा शब्दाकडे वळू. "बंद" हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. दरवाजा बंद, दुकान बंद, शाळा बंद. मराठीत त्याच्या उलट "चालू" म्हणतात. दिवा एक तर चालू असतो नाही तर बंद. पंख्याचेही तसेच. आपल्याला या दोनच अवस्थांची सवय आहे. अवस्था म्हणजे हालत. पण रिमोटवर चालणाऱ्या यंत्राला तिसरी अवस्थाही असते. इंग्रजीत तिला स्टँडबाय म्हणतात. स्टँडबाय म्हणजे जवळ उभे राहणे, हुकमाची वाट पाहणे. मराठीत आपण तिला "प्रतीक्षा" म्हणू शकतो. उर्दूत तुम्ही जिला इंतजार म्हणता, तीच ही प्रतीक्षा.

शाळेच्या कार्यालयाबाहेर स्टुलावर बसलेले शिपाईकाका आठवा. ते काही काम करत नाहीत असे आपल्याला वाटते. पण आतून घंटी वाजली की ते लगेच उठतात. ते घरी गेलेले नाहीत, झोपलेलेही नाहीत. त्यांचा एक कान घंटीकडे आहे. त्यांची हजेरी लागते आणि त्या वेळेचा पगारही मिळतो. लाल दिवा लागलेली म्युझिक सिस्टीम अशीच स्टुलावर बसलेली असते. तिचा पगार विजेच्या बिलातून जातो.

पूर्वी असे नव्हते. तुमच्या आजोबांच्या वेळचा रेडिओ आठवा, किंवा त्यांना विचारा. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. त्या काळी घरोघरी जे मोठे रेडिओ होते त्यांत काचेचे व्हॉल्व्ह असत. आवाजाचे बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवले की "टक" असा आवाज होई आणि विजेची वाट तेथेच तुटे. वाट तुटली म्हणजे रेडिओ खरोखर बंद. सकाळी तो पुन्हा लावला की लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ लागे. आधी घरघर, मग हळूहळू आवाज. लोक तेवढा वेळ थांबत.

पुढे माणसाला थांबणे आवडेनासे झाले. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात असे टीव्ही निघाले की जे बटण दाबताच लगेच चालू होत. त्यात जादू काहीच नव्हती. बंद केल्यावरही त्यांच्या नळ्यांतल्या तारा थोडी वीज देऊन सतत गरम ठेवल्या जात. चूल विझवायचीच नाही, निखारे फुंकत ठेवायचे, म्हणजे चहा पटकन होतो, तसाच हा प्रकार. मग व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. ट्रान्झिस्टर तापवावे लागत नाहीत. तेव्हा ही सवय सुटायला हवी होती. पण तोपर्यंत रिमोट आला होता, आणि रिमोटने ती कायम केली.

का ते पाहा. रिमोटमधून प्रकाश निघतो, पण तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा, विशेषतः सेल्फीचा, रिमोटच्या टोकासमोर धरा आणि रिमोटचे बटण दाबा. बहुतेक मोबाईलच्या पडद्यावर तुम्हांला जांभळट ठिणगी चमकताना दिसेल. तीच ही हाक. ती साधारणपणे सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकते, म्हणून ट्यूबलाईटच्या किंवा उन्हाच्या प्रकाशात ती हरवत नाही. ही हाक ऐकायला समोर कोणीतरी जागे हवे. म्युझिक सिस्टीमच्या तोंडाशी गडद काचेमागे एक छोटा डोळा असतो. त्याच्यामागे एक लहानशी चिप असते. हाक आपल्यासाठी आहे का, कोणते बटण दाबले, हे ती ठरवते. या दोघांना अगदी थोडी वीज लागते. घड्याळ असेल तर त्यालाही लागते. सिस्टीम पूर्ण बंद केली तर हा डोळाही मिटतो, आणि मग रिमोट कितीही दाबा, हाक ऐकणारे कोणी उरत नाही.

येथे तुम्ही विचाराल, डोळा आणि चिप यांना इतकी थोडी वीज पुरते, तर मग खर्च कसला? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. चिपला ती सोसत नाही. तिला पाच व्होल्ट पुरतात. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवतात. लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, असे त्याचे रूप. पहिल्या वेटोळ्यात भिंतीची वीज जाते, दुसऱ्यातून कमी व्होल्टची वीज मिळते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. प्रत्येक वेळी लोखंड एका दिशेने चुंबक बनते, मग उलट दिशेने. या उलटापालटीत लोखंड तापते. दुसऱ्या वेटोळ्यातून कोणी काही मागितले नाही, तरी पहिले वेटोळे विजेला जोडलेले असेपर्यंत हे चालूच राहते. जुन्या सिस्टीमच्या मागच्या बाजूला, झाकणावरून, हात लावून पाहा. रात्रभर "बंद" असूनही ती सकाळी कोमट लागते. ती ऊब म्हणजे वाया गेलेली वीज. चिपने घोटभर पाणी मागितले आणि नळ रात्रभर वाहत राहिला, असे हे झाले.

चांगल्या कंपन्यांनी यावर दोन उपाय केले. एक म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर स्टँडबायमध्ये विजेपासून तोडायचा आणि डोळ्यासाठी वेगळा लहान ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. रिमोट दाबल्यावर कधीकधी आतून "टक" असा आवाज येतो ना? आतला रिले मोठ्या ट्रान्सफॉर्मरची वाट जोडतो, त्याचा तो आवाज. दुसरा उपाय नव्या पद्धतीच्या वीजपुरवठ्याचा. आजचे मोबाईल चार्जर हलके असतात, जुने वजनदार असत. हलक्या चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून देतात, म्हणून त्याला जड लोखंड लागत नाही आणि रिकामे बसल्यावर त्याचा खर्चही फार कमी होतो.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने घरातली अशी यंत्रे एकेक करून मोजली आहेत. त्यांत लहान म्युझिक सिस्टीमही होत्या. "बंद" केल्यावर त्या सरासरी सुमारे आठ वॅट वीज घेत होत्या. सीडी संपली आणि सिस्टीम तशीच चालू राहिली, आवाज काही नाही, तर सरासरी सुमारे चौदा वॅट. या दुसऱ्या आकड्याकडे नीट लक्ष द्या. कॅसेट संपते, आपण उठून जेवायला जातो, मग झोपतो. सिस्टीम गप्प असते, म्हणून ती बंद आहे असे वाटते. ती स्टँडबायमध्येही नसते. ती पूर्ण जागी असते आणि गाण्याची वाट पाहत असते. म्हणजे स्टँडबायपेक्षाही जास्त वीज येथे जाते.

आता थोडे गणित. हिशेब सोपा जावा म्हणून दहा वॅट धरू. दहा वॅट म्हणजे आजकालचा एक एलईडी बल्ब. दिवसाचे २४ तास गुणिले १० वॅट, म्हणजे २४० वॅट-तास. महिन्याचे ३० दिवस धरले तर ७,२०० वॅट-तास. एक हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. म्हणजे महिन्याला ७.२ युनिट आणि वर्षाला ८७.६ युनिट. स्वयंपाकघरातला बल्ब रात्रंदिवस वर्षभर जळत ठेवला तर अम्मी काय म्हणेल? येथे तोच बल्ब जळतो आहे. फक्त त्याचा उजेड आपल्याला मिळत नाही.

एका युनिटचा दर मी येथे लिहीत नाही, कारण तो बदलत राहतो. घरातले महावितरणचे बिल काढा आणि तुम्हीच पाहा. त्यात दर एकच नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, शंभराच्या पुढे तीनशेपर्यंत त्याहून जास्त दर, असे टप्पे असतात. काही जणांना वाटते की १०१ युनिट झाले की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तुमचा वापर ९८ असेल आणि म्युझिक सिस्टीमने त्यात ७ घातले, तर त्यातले ५ महाग युनिट असतील, हे लक्षात घ्या.

मात्र हिशेब करताना खरे बोलावे. काही जण सांगतात की लाल दिवे विझवले की बिल निम्मे होईल. असे होत नाही. मोठे एसी यंत्र जोरात चालू असताना एका तासाला सुमारे दीड युनिट घेते. दहा वॅटच्या स्टँडबायला तेवढे घ्यायला दीडशे तास, म्हणजे सहा दिवसांहून जास्त वेळ लागतो. रिकाम्या खोलीत जुना पंखा फिरत ठेवून लाल दिव्याच्या मागे लागणे हा शहाणपणा नाही. आधी पंखा, मग दिवा. पण एक फरक आहे. पंखा फिरताना दिसतो, एसीचा आवाज येतो. लाल ठिपका गप्प बसतो आणि वर्षाचे सगळे दिवस, सगळे तास बसतो. जुना ट्रान्झिस्टर सेलवर चालत असे. तो चालू राहिला तर चार दिवसांत सेल संपत आणि आपल्याला चूक कळत असे. भिंतीतली वीज संपत नाही, म्हणून चूकही कळत नाही.

शिवाय हे एका घराचे झाले. समजा, एका इमारतीत चाळीस घरे आहेत आणि प्रत्येक घरात दहा वॅट असे जातात. तर त्या इमारतीचे ४०० वॅट झाले. वर्षाला ३,५०४ युनिट! अशा किती इमारती बोळिंजमध्ये आहेत, ते गच्चीवरून मोजा. वीज पाण्यासारखी टाकीत भरून ठेवणे सोपे नसते. आपण जेव्हा वापरतो, बहुतेक तेव्हाच ती कोठेतरी तयार होत असते. आपल्या पालघर जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको. तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. डहाणूला कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. रात्री दोन वाजता तुमच्या घरातला ठिपका जळतो, तेव्हा कोठेतरी कोळसा पडतो आहे आणि कोणीतरी रात्रपाळीवर आहे.

जगात ही गोष्ट ज्यांनी आधी ओळखली, त्यांनी एक सोपा आकडा ठरवला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली सुचवले की स्टँडबायमधल्या यंत्राने एक वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. दोन वर्षांनी, जुलै २००१ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की सरकारी कार्यालयांनी शक्यतो अशीच यंत्रे विकत घ्यावीत. युरोपने तर नियमच केला. २०१० पासून तेथे नव्या यंत्राला स्टँडबायमध्ये एक वॅटची मर्यादा आली. घड्याळासारखे काही दाखवत असेल तर दोन वॅट. २०१३ पासून ती निम्मी झाली. गंमत अशी की कंपनी सहसा युरोपसाठी एक आणि आपल्यासाठी दुसरे असे दोन नमुने बनवत बसत नाही. म्हणून युरोपातल्या नियमाचा थोडा फायदा आपल्यालाही झाला. तुमच्या घरातली म्युझिक सिस्टीम गेल्या काही वर्षांतली असेल, तर ती स्टँडबायमध्ये दहा नव्हे, अर्धा-एक वॅटच घेत असण्याचा संभव आहे. चाचांनी आणलेली जुनी असेल, तर मात्र वरचा हिशेब तिलाच लागू पडतो.

नव्या यंत्रांनी दुसरेच प्रश्न आणले. टीव्हीखाली ठेवायचा लांबट साऊंडबार हल्ली पुष्कळ घरांत असतो. काही वेळ आवाज आला नाही की तो आपोआप स्टँडबायमध्ये जातो. चांगली सोय आहे. पण रात्री कोणाची झोप मोडू नये म्हणून आपण टीव्हीचा आवाज अगदी हळू ठेवतो, आणि कार्यक्रमाच्या मध्येच साऊंडबार झोपी जातो! लोक त्याला बिघाड समजून दुकानात नेतात. तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. आवाज इतका बारीक असतो की त्याला वाटते कोणी बोलतच नाही. अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवावा आणि साऊंडबारचा कमी करावा. ऐकू तेवढेच येईल, पण त्याच्यापर्यंत पोहोचणारा इशारा मोठा होईल.

दुसरे यंत्र म्हणजे बोलणारा स्पीकर. त्याला नावाने हाक मारली की तो उत्तर देतो. त्याला हाक ऐकू यावी म्हणून त्याचा माइक सतत चालू असतो. रिमोटची वाट पाहणाऱ्या डोळ्याला फक्त रिमोट दिसतो. या कानाला मात्र घरातले सगळे बोलणे ऐकू येते, आणि त्यातून तो आपले नाव शोधत असतो. त्यावर माइक बंद करण्याचे वेगळे बटण असते. ते कोठे आहे, हे घरातल्या मोठ्यांना माहीत आहे का, विचारा.

यंत्रावरच्या चिन्हांचीही ओळख करून घ्या. नुसती उभी रेघ म्हणजे चालू. नुसता गोल म्हणजे बंद. गोल वरून तोडून त्या फटीत रेघ घातलेली असेल तर तो मुळात स्टँडबायचा इशारा आहे. तुमच्या रिमोटवर बहुधा हेच चिन्ह आहे. पण अलीकडे ते सरसकट "पॉवर" म्हणून छापतात, त्यामुळे चिन्हावर फार विसंबू नका. विसंबणे म्हणजे भरवसा ठेवणे. भरवसा ठेवायचा तर भिंतीवरच्या बटणावर ठेवा. आपल्याकडे सॉकेटशेजारी बटण असते, ही मोठी सोय आहे. अमेरिकेत बहुतेक सॉकेटांना बटणच नसते. तेथे प्रत्येक वेळी प्लग ओढावा लागतो.

तरीही वायरमन चाचांचा एक नियम मी आजपर्यंत मोडलेला नाही. यंत्र पुसायचे असो, हलवायचे असो, मागची वायर बदलायची असो, बटण बंद करून थांबायचे नाही. प्लग बाहेर काढायचा. कारण बटण फेजच्या वायरवर असायला हवे, पण घाईत वायरिंग केलेल्या काही घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. मग बटण बंद असले, यंत्र बंद दिसले, तरी आतपर्यंत वीज आलेलीच असते. प्लग हातात आला की शंका उरत नाही. वायर ओढून प्लग काढू नका, प्लगच धरा, आणि हात कोरडे ठेवा. झाकण मात्र प्लग काढल्यावरही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा काही वेळ तसाच राहतो. जुन्या सिस्टीमचा लाल दिवा प्लग काढल्यावर लगेच न विझता मंद होत जातो, तो याच साठ्यावर.

पावसाळ्यात हा नियम आणखी कामाला येतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला मोठा पूर आला. लोकल थांबल्या, रस्त्यांवर पाणी साचले, अनेक वस्त्यांची वीज गेली. वीज जाते तेव्हा नुकसान कमी होते. ती परत येते तेव्हा सांभाळायचे असते. येताना ती कधी एकदम जोराने येते, आणि स्टँडबायमध्ये बसलेले यंत्र तिच्या वाटेतच उभे असते. खालच्या मजल्यावरच्या घरांत तर सॉकेटपर्यंत पाणी आलेले असू शकते. अशा वेळी ओल्या भिंतीजवळ जायचेच नाही. मोठ्यांनी मेन स्विच पाहावा. विजा कडाडू लागल्या, तर सुरुवातीलाच प्लग काढून ठेवावेत. आमच्या चाचांची सिस्टीम पुढे पुष्कळ वर्षे टिकली. सीडीचा खण मात्र कधीच नीट झाला नाही.

सगळेच प्लग काढायचे का? नाही. फ्रिजला हात लावू नका. ज्या सेट-टॉप बॉक्सवर रात्रीचा कार्यक्रम भरून घ्यायचा आहे, तो चालूच हवा. ज्या जुन्या सिस्टीमचे घड्याळ प्लग काढताच बारावर जाते आणि ठरवलेली स्टेशने पुसली जातात, ती दिवसातून चार वेळा बंद-चालू करणे घरातल्यांना जाचेल. रात्री एकदा केले तरी पुरे.

आता शेवटचे काम. हे मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा. मीटरला हात लावायचा नाही, नुसते पाहायचे. इमारतीच्या खाली तुमच्या घराचे मीटर असेल. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि जवळच एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. समजा, तो आकडा ३,२०० आहे. घरातले दिवे, पंखे, फ्रिज, सगळे दहा-पंधरा मिनिटांपुरते बंद करा. फक्त जी यंत्रे तुम्ही नेहमी रिमोटने "बंद" करता, ती तशीच लाल दिव्यावर ठेवा. मग खाली उभे राहून घड्याळ लावा. दहा वॅट जात असतील तर ३,२०० च्या मीटरचा दिवा तासाला ३२ वेळा, म्हणजे साधारण दोन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. लवकर लुकलुकला तर जास्त वॅट जात आहेत. दहा मिनिटांत एकदाही लुकलुकला नाही तर वीज अगदीच थोडी जाते आहे. फार बारीक प्रवाह मीटरही मोजत नाही. मग भावाला किंवा बहिणीला वर पाठवा, एकेक प्लग काढायला सांगा, आणि प्रत्येक वेळी दोन लुकलुकण्यांमधला वेळ पाहा. कोणत्या यंत्राचा प्लग निघाल्यावर दिवा मंदावला, ते वहीत लिहा. घरी परत गेल्यावर आधी फ्रिज चालू करायला विसरू नका. वही सोमवारी वर्गात आणा.